शंभर केबीचे काकाजी

लग्नाची पत्रिका फोनवर आली की लोक आधी मुहूर्त बघतात. मी फाईल किती जड आहे ते बघते. नवरा हसतो. हसू दे. ही खोड मला ज्यांनी लावली ते आता नाहीत, आणि या खोडीशिवाय त्यांचं माझ्याजवळ फारसं काही उरलेलंही नाही. म्हणून मी ती सोडणार नाही.

बीसीए करून मी गोंदियाहून घरी परतले तेव्हा आई आजारी होती आणि मला गावातच काम पाहिजे होतं. सडक अर्जुनीत कॉम्प्युटरचं काम म्हणजे एक तर दाखले काढून देणारी दुकानं, नाहीतर काकाजी. हायवेच्या कडेला, खताच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. आधी तिथं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पडद्यावरचा रंगीत धबधबा अजून भिंतीवरच होता आणि त्याच्यापुढं दोन कॉम्प्युटर मांडून काकाजी लोकांच्या वेबसाइट बनवायचे. राईस मिल, लॉन, ट्रॅक्टरचं शोरूम, जो येईल त्याची.

पहिल्या दिवशी मी त्यांना सर म्हटलं. ते म्हणाले, सर शाळेत असतात, इथं काकाजी म्हण. मग त्यांनी स्क्रीनवर एक फोटो लावला आणि स्वतः पाठ करून बसले. म्हणाले, सांग, कायचा फोटो आहे? मी म्हटलं, शेताचा. कोन्या शेताचा? धानाच्या. रोवलेल्या की कापलेल्या? रोवलेल्या. त्यात कोन उभं आहे? एक बाई. ती काय करून राहिली? असं त्यांनी मला इतकं पिडलं की मला वाटलं हा माणूस काही बरोबर नाही, घरी जावं. पण माझ्याकडून जे वाक्य निघालं तेच त्यांनी फोटोमागं, पानावर न दिसणाऱ्या जागी लिहून टाकलं, आणि फाईलचं नावही तसंच ठेवलं. कॅमेऱ्यानं दिलेलं आकड्यांचं नाव त्यांना बिलकूल चालत नसे. ‘सर्चले डोळे नाहीत,’ ते म्हणाले. ‘कान आहेत. त्याले सांगावं लागते.’ सर्च म्हणजे नेटवर शोधून देणारं यंत्र, पण त्यांच्या बोलण्यात तो एक माणूस होता. थोडा आळशी, थोडा संशयी, आणि घाईत असलेला.

आणि त्या घाईतल्या माणसासाठी प्रत्येक फोटो शंभर केबीच्या आत पाहिजे, हा काकाजींचा धर्म होता. दुसरा धर्म मी त्यांचा पाहिला नाही. भेटल्यावर लोक म्हणतात, काय चाललं? काकाजी म्हणायचे, किती भरला? म्हणजे तू आता जो फोटो चढवून राहिलीस तो.

कोणता फोटो कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवायचा, हे त्यांनी मला तांदळावरून शिकवलं. आमच्याकडं दुसरं काय असणार! जेपीजी म्हणजे मिलमधून काढलेला तांदूळ. हलका, साफ, सगळ्यांच्या घरी चालतो. पण पुन्हा पुन्हा मिलमध्ये घातला तर दर वेळी जास्त कणी होते, म्हणून मूळ फोटो जपून ठेव आणि एकदाच काढ. पीएनजी म्हणजे कोंड्यासकट धान. काही वाया जात नाही, पण पोतं उचलून पाहा. दुकानाचं निशाण, अक्षरं, अशाला ठीक, फोटोला नाही. वेबपीला तांदळातलं नाव त्यांना सापडलं नाही. वेबपी म्हणजे वेबपी, ते म्हणायचे, गुणी आहे, जेपीजीपेक्षा हलका, त्याले नाव कायले ठेवा?

मग एव्हीआयएफ नावाचा नवा प्रकार आला. त्याच्याहून हलका. मी तर नाचायलाच लागले, सगळे फोटो त्यात घालू म्हटलं. काकाजी म्हणाले, हे नव्या सुनेसारखं आहे, गुणाची असली तरी सगळ्या घरात चालत नाही. मला राग आला. मी म्हटलं, सून काऊन? जावई म्हणा. नखरे जावयाचे असतात. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून आमच्या दुकानात एव्हीआयएफचं नाव जावई पडलं. पान बनवताना ते मागून सांगायचे, आधी जावयाला वाढ, त्याला नाही पचलं तर वेबपी वाढ, आणि कोणालाच काही नाही पचलं तर घरचा जेपीजी आहेच. म्हणजे एकाच फोटोच्या तीन फाईली ठेवायच्या, आणि ज्याच्या फोनला जी उघडेल ती त्यानं घ्यायची. नागपूरला आता आमच्या ऑफिसात हेच करतात. त्याला मोठं इंग्रजी नाव आहे. मला अजून जावईच आठवतो.

कोणाच्या फोनला काय पचते, हे काकाजी दुकानात बसून ठरवत नसत. त्यासाठी ते ढाब्यावर जायचे आणि मलाही न्यायचे. नागपूर-रायपूर हायवेवर कुठकुठले ट्रक थांबतात. छत्तीसगडचे, ओडिशाचे, आंध्राचे. ड्रायव्हर खाटेवर पडलेले, हातात फोन. काकाजी एकेकाजवळ जाऊन म्हणायचे, ‘भैया, जरा ये पन्ना खोल के दिखाओ.’ आता तुम्हीच सांगा, अनोळखी माणसानं दिलेली लिंक कोण उघडते? लोक त्यांना फ्रॉड समजायचे. एका क्लीनरनं तर कॉलर धरली होती. मी बाजूला उभी राहून जमीन दुभंगायची वाट पाहायची. काकाजी मात्र शांत. सगळ्यांना चहा सांगायचे, स्वतःच्या आधार कार्डाची झेरॉक्स दाखवायचे, आणि शेवटी पान उघडवूनच सोडायचे. कोणाच्या फुटक्या फोनवर फोटोच्या जागी कोरी चौकट आली की त्यांना सोनं सापडल्यासारखं व्हायचं. ‘पाह्य पाह्य, जावई उपाशी उठला,’ असं मला ओरडून सांगायचे आणि तो ड्रायव्हर आमच्याकडं पाहतच राहायचा.

त्यांच्या या वेडापायी भांडणंही झाली. सकाळी कोणी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात पाठवलं की काकाजी ते हलकं करून त्यालाच परत पाठवायचे, खाली लिहून: कमी केला. इथवर लोकांनी चालवून घेतलं. पण त्यांच्या एका मावसभावाचे वडील गेले, घरच्यांनी श्रद्धांजलीचा फोटो सगळ्यांना पाठवला, आणि काकाजींनी तोही हलका करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली तेच: कमी केला. मावसभाऊ दुकानात येऊन नाही नाही ते बोलून गेला. काकाजींना त्यात आपली चूक काय हे खरंच कळत नव्हतं. तेरवीला ते गेले तेव्हा जेवायला कोणी बसा म्हटलं नाही, आणि ते परत येऊन माझ्या डब्यातली पोळी खात बसले. मी त्यांना पोटभर रागावले. रागावताना हसूही येत होतं.

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण काकाजी म्हटलं की मला तीच आठवते.

प्रतापगडाच्या, म्हणजे आमच्या गोंदियाकडच्या गडाच्या पायथ्याकडं, जंगलाला लागून एक गाव आहे. तिथल्या इंदिराबाई एक दिवस दुकानात आल्या. गोंड समाजातल्या, पन्नाशीच्या, बोलायला रोखठोक. बचत गटाकडून शिकून त्यांनी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. गडावर देवाला येणारे, दर्ग्याला येणारे, जंगल बघायला येणारे, कोणी तरी राहील म्हणून. पण कोणी येत नव्हतं. आणि त्यांचा एकुलता एक मुलगा रमेश, जंगलातलं पानन्पान ओळखणारा पोरगा, दिवाळी झाली की ठेकेदाराबरोबर हैदराबादला बांधकामावर जाणार होता. ‘चार पाहुणे येऊन राहिले असते त नसता गेला,’ त्या म्हणाल्या. ‘एकदा गेलेलं पोर मंग सणालेच येते. घर माह्या एकटीच्या मागं पडते.’

काकाजींनी पेन खाली ठेवलं. मला ते का, हे माहीत होतं. स्टुडिओ होता तेव्हा आसपासच्या गावातला प्रत्येक पोरगा हैदराबादला जायच्या आधी त्यांच्याकडं पासपोर्ट फोटो काढायला यायचा, गेटपाससाठी. ठेकेदाराला फोटो लागतो ना. काकाजी म्हणायचे, माझ्या पासपोर्ट फोटोच्या निळ्या पडद्यासमोर बसून अर्धा तालुका निघून गेला आणि प्रत्येकाला मीच मान सरळ करून बसवलं. एक दिवस त्यांनी पासपोर्ट फोटो काढणंच बंद केलं. स्टुडिओ त्यानंच बुडाला, मोबाईलनं नाही. हे ते दुसऱ्या कोणाला सांगत नसत.

इंदिराबाईंना ते म्हणाले, ‘तुमचा पोरगा कुठं जात नाही.’ असा शब्द कोणाला कधी देऊ नये. पण दिला.

इंदिराबाईंची वेबसाइट आधीपासून होती. भाच्यानं बनवून दिली होती, आणि भाचा फ्लेक्सच्या दुकानात कामाला. आमच्याकडं बारशापासून तेरवीपर्यंत सगळ्याला फ्लेक्स लागतो, त्यामुळं भाच्यानं वेबसाइट म्हणूनही एक फ्लेक्सच चढवला होता. नाव, भाव, फोन नंबर, जेवणात काय मिळेल, गावाचा रस्ता, सगळं एकाच भल्यामोठ्या चित्रात, आणि चारी बाजूंनी फुलांची महिरप. चौकात टांगायला छपाईसाठी करतात तीच फाईल. ती उघडेपर्यंत माणूस दुसरीकडं निघून जाईल, आणि सर्चला तर त्यातलं एक अक्षर वाचता येईना. काकाजी म्हणाले, बाईंचं घर आहे, पण रस्त्याकडं पाठ करून उभं आहे.

फ्लेक्सच्या मधोमध वाघ होता. नेटवरून उचललेला, ज्याच्या त्याच्या बोर्डावर असतो तोच. काकाजींनी विचारलं, ‘बाई, तुमच्या आंगनात वाघ येते का?’

त्यांना वाटलं, बाई लाजतील. इंदिराबाई म्हणाल्या, ‘आला होता न. मागच्या साली. कोठ्यातून बकरी नेली.’

मी तोंडावर ओढणी धरली. मग काकाजी हळूच म्हणाले, चला, ती जागा दाखवा.

आम्ही गेलो. घर सारवलेलं, सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बाज टाकलेली, मागं बकऱ्यांचा कोठा आणि त्याला बांबूचं कुंपण. वाघ आला त्या जागी कुंपणाला भगदाड होतं आणि त्यात काट्या कोंबलेल्या होत्या. काकाजींनी जमिनीवर पालथं पडून त्याचा फोटो काढला, तो फोटो वेबसाइटवर सगळ्यात वर लावला आणि त्याखाली लिहिलं, इथून वाघ आला होता. तुम्ही विश्वास ठेवा न ठेवा, माझ्या आयुष्यात मी त्याच्याहून चांगला होमस्टेचा फोटो पाहिला नाही. बाकी अंगण, चूल, मोहाचं झाड, गडाची वाट. सगळे शंभर केबीच्या आत, सगळ्यांची नावं इंदिराबाईंच्या तोंडून घेतलेली. भाव आणि पत्ता आता साध्या अक्षरात, सर्चला वाचता येतील असे. ढाब्यावर परीक्षा झाली. जावई, वेबपी, जेपीजी, सगळे जेवून उठले.

आणि मग काही झालं नाही.

मला वाटलं होतं, फोटो हलके झाले की आठ दिवसांत सर्चमध्ये नाव वर येईल. काकाजी म्हणाले, फोटो हलका केल्यानं कोणी वर जात नाही, जड ठेवल्यानं खाली मात्र जाते. आता सर्च त्याच्या मनानं येईल. पण त्यांचाही जीव लागून होता. सकाळी दुकान उघडलं की आधी ते शोधून पाहायचे: प्रतापगड राहायची सोय. आम्ही कुठंच नाही. दिवाळी जवळ येत होती.

एक दिवस रमेशच दुकानाच्या जिन्यानं वर आला. त्याला पासपोर्ट फोटो पाहिजे होते. गावात कोणीतरी त्याला सांगितलं होतं, काकाजी चांगले काढतात. काकाजींनी त्याला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाले, कॅमेरा बंद आहे. कॅमेरा समोर टेबलावर होता. रमेश समजूतदार पोरगा. खाली उतरला आणि पलीकडच्या दुकानातून काढून घेतले. दिवाळी झाल्यावर ठेकेदाराच्या गाडीनं गेला.

काकाजी त्यानंतर दोन दिवस दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच घरी गेले. ते ओट्यावर बसून फोनवर ते पान उघडत होते, बंद करत होते. ‘मी त्या बाईले शब्द दिला होता,’ ते म्हणाले. मी चहा मांडला.

मग, वाट बघणं सोडलं तेव्हा, नाव वर यायला लागलं. आधी खाली कुठं तरी, मग पहिल्या पानावर, आणि फोटो शोधणाऱ्यांना तर तो कोठाच दिसायचा. नागपूरचं एक जोडपं आलं. मग गोंदियाचे काही डॉक्टर लोक, मग गडावर येणारे. सगळ्यांना आधी वाघाची जागा पाहायची असे. इंदिराबाई स्वयंपाक करतील की पाहुण्यांना गडावर नेतील? त्यांनी रमेशला फोन केला. रमेश म्हणाला, चार दिवस येतील आणि बंद होतील, आई, इथं रोजचं काम आहे.

तेव्हा काकाजींनी ठरवलं, रविवारी आपण मदतीला जायचं. जंगलाची त्यांना भीती वाटे, त्यामुळं पाहुण्यांना वाट दाखवणं गेलं. ते पाणी भरायचे, बाज उचलायचे. आणि एक दिवस त्यांनी ते भगदाड बुजवायचं मनावर घेतलं, कारण बकऱ्या आतच होत्या. ओला बांबू आणला, उभा रोवला, आणि आणली कोणती दोरी? फ्लेक्स टांगायची नायलॉनची. दिवसभर घाम गाळून त्यांनी गाठी मारल्या. मारल्यावर कमरेवर हात ठेवून असे उभे राहिले की जणू किल्लाच बांधला असावा. फोटो काढला. ‘इथून वाघ आला होता, आता येणार नाही’ असं खाली लिहून वेबसाइटवर चढवायला सांगितलं.

मी फोटो हलका करायला घेतला. काकाजी म्हणाले, थांब, इतका नको. गाठी दिसत नाहीत. मी म्हटलं, काकाजी, शंभरच्या वर जाऊन राहिला. ते म्हणाले, जाऊ दे. मी उठूनच उभी राहिले. हा माणूस, ज्यानं मेलेल्या माणसाचा फोटो कमी केला! पण त्यांना आपल्या गाठींचा गर्व झाला होता. तो फोटो त्यांच्या हयातीतला एकच जड फोटो, आणि एकेक गाठ त्यात मोजून घ्यावी अशी स्वच्छ दिसत होती.

चार-पाच दिवसांनी दुकानात फोन वाजला. हैदराबादहून रमेश. त्याच्यासोबतच्या पोरांना त्यानं फोनवर आपल्या घराचं पान उघडून दाखवलं होतं.

‘काकाजी, हे कुंपण कोनं बांधलं?’

‘मी.’

‘ओल्या बांबूले नायलॉन बांधलं तुमी. बांबू वाळला की सगळ्या गाठी सुटते. वाघाले फाटक करून ठेवलं. आई एकटी झोपते तिथं.’

काकाजी काही बोलायच्या आत त्यानं फोन ठेवला. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

आठवड्याच्या आत इंदिराबाईंचा निरोप आला की पोरगा आला. आम्ही स्कूटरनं गेलो. रमेश कोठ्यापाशी बसून कोयत्यानं काकाजींच्या गाठी कापत होता, सगळ्याच्या सगळ्या. काकाजी बाजूला उभे. रमेशनं पळसाच्या मुळांची दोरी काढली, भिजवलेली, आणि मान वर न करता म्हणाला, हे धरा. काकाजींनी बांबू धरला. ऊन उतरेपर्यंत धरून बसले. रमेश बांधत गेला, ते सरकत गेले. मधेच पाहुण्यांची गाडी आली. इंदिराबाईंनी रमेशकडं पाहिलं. त्यानं हात धुतले आणि पाहुण्यांना गडाच्या वाटेनं घेऊन गेला. परत आला तेव्हा ठेकेदाराला फोन करून सांगितलं की दुसरा माणूस पाहून घ्या.

निघताना इंदिराबाईंनी काकाजींच्या हातात मोहाच्या फुलांची पुडी दिली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

परतीच्या वाटेवर थोडं अंतर गेल्यावर काकाजी मान वळवून ओरडले, ‘पोरगा राहिला न!’ मग थोड्या वेळानं, ‘पन गाठी माह्या पक्क्या होत्या. तू पायल्या होत्या.’

मी म्हटलं, ‘काकाजी, पक्क्या असत्या तर रमेश आला असता का?’

त्यावर त्यांनी मान पुढं केली आणि सडक अर्जुनीपर्यंत स्कूटर दामटली. दुकानाशी गाडी लावली, किल्ली काढली, आणि जिन्यात थांबून म्हणाले, ‘तो फोटो बदलू नको. राहू दे तसाच. लोकायले दिसू दे, मी कसं बांधलं होतं ते.’